हरतालिकेच्या दिवशीचं सरबत

प्रिय अनिमेष,

अनेक आशीर्वाद लिहायची सवय आहे, म्हणून लिहिते. आज ते मनापासून येत नाहीत.

बाबांचा गुडघा बरा आहे. इथे जयपुरात राजा पार्कातला उकाडा तसाच आहे. दिल्लीहून तू पाठवलेलं प्रतिज्ञापत्र मिळालं. आई, तू फक्त सही कर, बाकी वकील बघतील, अशी चिठ्ठीही होती. बाबांनी जेवताना ते मला मराठीत समजावून सांगितलं. उत्कर्षाला फिट येतात, तिनं ते वैद्यकीय तपासणीत लपवलं, म्हणून स्पर्धा परीक्षेतून तिला दिलेली पोलीस सेवा रद्द व्हावी. आणि यादीत तिच्या मागचा क्रमांक तुझा, तेव्हा ती जागा तुला मिळावी. तिची फिट डोळ्यांनी पाहणारी साक्षीदार कोण, तर मी. मला शिसारी आली. ताट तसंच टाकून उठले.

पोलीस सेवेऐवजी लेखा सेवा मिळाल्याचं तुझं दुःख मला कळत नाही असं नाही. लहानपणी सिव्हिल लाइन्समधून जाताना तू साहेबांच्या बंगल्यांवरच्या पोलीस शिपायांना सलाम ठोकायचास. सेवा वाटपाचा नियम चुकला असता, तर तू खुशाल भांडायचं होतंस, मी डबा घेऊन न्यायाधिकरणाच्या दारात बसले असते. पण नियमात खोट सापडेना, म्हणून तू पोरीच्या अंगात खोट काढलीस. तीही आपल्या घरातल्या आठवणीतून उचलून. असला घाणेरडेपणा तू कुठल्या क्लासात शिकलास?

शेजारचे शेषराव रेल्वेच्या ड्यूटीवर, म्हणून त्यांची ही उत्कर्षा दर सणाला आपल्याकडे असायची. तुझ्याच स्कूटरवर मालवीय नगरला क्लासला जायची. त्या हरतालिकेला माझ्यासारखाच, काकूंसारखाच, निर्जळ उपास करणार म्हणून हटून बसली. मी नको म्हटलं, पण ऐकेल तर ती उत्कर्षा कसली. दिवसभर क्लास करून आली आणि वाळूची पिंडी करता करता माझ्या मांडीवर कलंडली. फिट कसली, उपाशीपोटी आलेली चक्कर ती. तूच धावत जाऊन लिंबाचं सरबत केलंस, चमच्यानं पाजलंस. उपास मोडला म्हणून ती रडायला लागली, तेव्हा ‘मतलब, सरबत देवाला चालतं’ अशी तुझ्या हिंदाळलेल्या मराठीत तिची समजूत काढलीस. मला तेव्हा तुझा केवढा अभिमान वाटला होता.

सही मी केली आहे, पण तुझ्या कागदावर नाही. काल बाबांना घेऊन उत्कर्षाच्या वकिलांकडे गेले आणि जे पाहिलं ते प्रतिज्ञेवर लिहून दिलं. सरबत कोणी केलं तेही, तुझ्या नावासकट. वकिलाच्या तोंडून कळण्याआधी तुला ते माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी हे पत्र. सुनावणीच्या तारखेला जयपूरला येशील तेव्हा घरीच उतर. जेवायला वाढीन. बोलेन की नाही, ते सांगता येत नाही.

तुझीच, पण साक्ष तिच्या बाजूनं देणारी,
आई