टेबलाची कड

प्रिय अक्का,

नमस्कार पोचला असं समज, कारण हे पत्र मी टाकणार नाही.

तू रोज फोनवर तेच विचारतेस. कॅन्सर हाडांत गेलाय, डॉक्टरांनी हात टेकलेत, मग आता व्यायाम कशाला? पडून राहा. अगं, पडून राहिलेल्या माणसाशी सगळे फार गोड बोलतात. तुझी भावजय तर माझ्याशी भांडायचंच विसरली. हॉस्पिटलातली व्यायामाची बाई तेवढी रागावते, "सुतारकाका, कोपर सरळ ठेवा." तिथं मी पेशंट नसतो, नुसता ढ विद्यार्थी असतो.

तिनं घरी हलकं काहीतरी उचलायला सांगितलं होतं. मी माझा लहान रंधा उचलला. तो हातात आला आणि हात स्वस्थ बसेना. जेवणाच्या टेबलाची कड कधीची खरखरीत होती, ती तासून काढली. धाप लागली, पण लाकडाचा वास आला आणि बरं वाटलं.

तेवढ्यात ही आली. "आत्ताच केर काढला होता मी. सगळीकडे सालपटं करून ठेवलीत. तुम्हाला मेलं कधी..." आणि एकदम गप्प झाली. तोंडावर हात ठेवून रडायला लागली.

मी म्हटलं, "थांबू नकोस. पुढचं बोल."

मग बोलली, चांगली पोटभर. कित्येक महिन्यांनी मी या घरात नवरा होतो.

हे तुला कळलं तर तू फोन करून तिला झापशील, आणि ती पुन्हा गोड बोलायला लागेल.

तुझा,
अजून बोलणी खाणारा धाकटा