म्हातारीचं ताट

तीर्थरूप आई,
इथूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. खोलीत शेगडी आहे, दोन जाड रजया आहेत. अक्षर वाकडं दिसलं तर घाबरू नकोस, डाव्या हाताने लिहितोय. उजव्याला जरा खरचटलंय, एवढंच.

डोंगरात वाट चुकलेल्यांना शोधणारी कुत्री माझ्या ताब्यात दिलीत. पहिल्याच दिवशी मी घरच्या सवयीने सगळ्यांत लहान पिल्लाला आधी वाढलं. झालं! अशी जुंपली म्हणतेस! मी सोडवायला मध्ये हात घातला. टाके पडले, पण थोडेच.

साहेब म्हणाले, "अरे वेड्या, आधी ह्यांच्यातल्या म्हातारीला वाढ. ती पुढे चालते म्हणून बाकीचे मागे जातात."

आता म्हातारी जेवेपर्यंत सगळे लाळ गाळत गप्प बसतात. काल जेवून ती माझ्या पायावर डोकं टेकून झोपली. मला उठवेना.

तुझे गुडघे कसे आहेत? अजून सगळ्यांच्या शेवटी पातेलं खरवडूनच जेवतेस ना? हे पत्र दादाला वाचायला दे. तू जेवल्याशिवाय त्याने ताटाला हात लावायचा नाही. कुत्र्यांना जमतं, त्याला न जमायला काय झालं?

तुझं, आजवर सगळ्यांच्या आधी जेवलेलं,
शेंडेफळ