ओर्फेओचे गुण

श्री. आत्तिलिओ झानार्दी, क्रीडा-संपादक यांस,

सोमवार, २५ मे १९९२, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी कॉफीच्या दुकानात तुमचं वर्तमानपत्र उघडलं. दर सोमवारी तुम्ही खेळाडूंना दहापैकी गुण देता. माझ्या धाकट्या भावाच्या, ओर्फेओच्या, नावापुढे लिहिलं होतं, 'गुण नाहीत. चेंडू त्याच्याकडे आलाच नाही.'

एकोणीस वर्षं गावाच्या फुटबॉल संघाचा बचाव सांभाळून काल तो शेवटचा सामना खेळला. आपण एक-शून्यने जिंकलो. तरी दुकानदार इव्हो विचारतो, "काय बाई, भाऊ झोपला होता का?" मी म्हटलं, "तू कॉफीकडे बघ. तीही तुला धड जमत नाही."

सिस्टरांच्या शाळेत फक्त गैरहजर मुलीला गुण नसत. ओर्फेओ हजर होता. त्याच पानावर पाहुण्यांच्या आघाडीवीराला तुम्ही चार गुण दिलेत, 'मैदानात दिसलाच नाही' म्हणून. कसा दिसेल? त्याच्यापुढे ओर्फेओ उभा होता! काल संध्याकाळी तो पोरगा आमच्या दारात येऊन स्वतःची जर्सी देऊन गेला. म्हणाला, "काका, नव्वद मिनिटं मला तुमच्या पाठीशिवाय काही दिसलं नाही."

ओर्फेओ हसतोय. म्हणतो, "ताई, पत्र टाकू नकोस, बिचाऱ्याची नोकरी जाईल." म्हणून हे टेबलावरच राहील. तरीही शनिवारी दुपारी बाराच्या आत मला लेखी उत्तर हवं, आणि त्यात आकडा हवा.

एर्सिलिया बोल्दरिन
निवृत्त शिक्षिका, ओर्फेओची थोरली बहीण