तुरटी फिरवलेलं पाणी

आई, आज सुनेनं बाळाची बाटली माझ्यासमोर दुसऱ्यांदा उकळून घेतली. मी उकळली होती, खरंच उकळली होती. "आई, राग नका मानू हं, फक्त डबल चेक," म्हणाली. राग कसला येतोय! काहीच आलं नाही. ओट्याला टेकून बुडबुडे बघत राहिले आणि मग इतक्या वर्षांनी तुला लिहायला बसले. त्या पाण्याचं तुला सांगायचं राहिलंय.

तू दवाखान्यात आया. घरात शिरल्या शिरल्या कोपरापर्यंत साबण, मग बोटांच्या बेचक्या, मग नखं. आम्ही ताटावर बसलो की तुझा हुकूम, "हात दाव!" बाबासुद्धा निमूट हात पुढे करायचे. "जासईची मानसं आमी, पन घानेरडी नाय," म्हणायचीस. आम्ही हसायचो.

तुझं पोटाचं ऑपरेशन झालं त्या उन्हाळ्यात पनवेलला आमच्या चाळीत टँकरचं पाणी. डॉक्टरांनी बजावलेलं, हिला उकळलेलंच द्या. मी सतरा वर्षांची, स्वयंपाकघर माझ्या हातात. त्या दुपारी गॅस संपत आलेला आणि भात अजून व्हायचा होता. मी हंड्यात तुरटी फिरवली, गाळ खाली बसू दिला, वरचं पाणी फडक्यातनं गाळून घेतलं. कसं नितळ दिसत होतं! नितळ म्हणजे चांगलं, एवढीच माझी अक्कल. तू पलंगावरून विचारतेस, "पानी उकळलंस ना गो?" आणि मी पेला पुढे करत म्हणते, "हो, आत्ताच."

पुढे महिन्याभरात कावीळ झाली, आणि तू गेलीस. डॉक्टर म्हणाले, कुठूनही झाली असेल. दहाव्याला मावशी येईल त्याला सांगत होती, "पोरीनं काय सेवा केली हो आईची!" मी मान खाली घालून बसलेली. लोकांना वाटलं, रडतेय. मी तेव्हाही रडले नाही. आतलं सगळं बधिर झालंय, ते तसंच आहे.

हे कुणाला दाखवणार नाही, सुनेलाही नाही. लिहून झालं की फाडून टाकीन. पण एक लिहिल्याशिवाय उठवत नाही. मी 'आत्ताच' म्हणाले, आणि पेला गार होता. तू तो हातात धरून थांबलीस, माझ्याकडे बघितलंस. तुला कळलं होतं, आई. तुला कळलंय हे मलाही कळलं. तरी ओरडा बसेल म्हणून मी गप्प उभी राहिले, आणि तू सगळं पाणी प्यायलीस.