सोडलेल्यांच्या गटात

३ जून, मंगळवार
सिगारेट सोडून आज दोन वर्षं झाली. घरात, म्हणजे. ऑफिसच्या मागच्या जिन्यात ज्या होतात, त्या ऑफिसच्या खात्यात. मनोनिग्रह म्हणतात तो हाच.

८ जून, रविवार
लेक आली. लॅबमध्ये पीएचडी करते. पेशी दोन होण्याआधी आपल्या डीएनएची नक्कल काढते म्हणे. डीएनएला इजा झालेली असली की नक्कल मधेच अडखळते. ओढणाऱ्यांची किती अडखळते आणि सोडल्यावर सुधारते का, हे तिला बघायचंय. पण सोडलेली माणसंच मिळेनात. म्हणाली, बाबा, विषय तुझ्यामुळेच सुचला, रक्त देशील ना?
हो म्हटलं. लेकीचा हट्ट. भाजी निवडणारी आमची ही एकदम थांबली.

१० जून, मंगळवार
सकाळी रक्त दिलं. आता पूर्ण बंद. म्हणजे मी सोडलेल्यांत बसेन, फक्त जरा उशिरा.
दुपारी साहेब नाही नाही ते बोलले. एकच.
संध्याकाळी अजून एक. पहिलीची सोबत.

२२ जून, रविवार
लेकीचा फोन. सोडलेल्यांपैकी एकाच्या पेशी ओढणाऱ्यांसारख्या अडखळतायत. गाईडबाई म्हणतात, तुझाच हात चुकला, पुन्हा कर. बाटल्यांवर नुसते नंबर असतात, नावं नाहीत. सुटलो.
मी सुचवलं, त्या गृहस्थांना ऑफिसचा ताण असेल. ती म्हणाली, पेशींचा ताण वेगळा असतो, बाबा. हसली नाही.
जेवण गेलं नाही.

२७ जून, शुक्रवार
लेकीनं पाठवलेलं वाचलं. इजा झाली की पेशी थांबते, दुरुस्ती करते, मग पुढे जाते. कधी मात्र तशीच रेटते, आणि चूक पुढच्या पेशींत उतरते.
पहिलं वाक्य फार धीर देणारं आहे. तेवढंच पुन्हा वाचलं.

१ जुलै, मंगळवार
प्रयोग तिसऱ्यांदा. उत्तर तेच. ही म्हणाली, पोरगी फोनवर रडत होती, पीएचडी सोडते म्हणत होती. तुम्ही सांगताय की मी सांगू?
म्हणजे हिला माहीत आहे! कसं, विचारलं. म्हणाली, तुमचे शर्ट कोण धुतं?
रविवारी सांगणार. नक्की. जिन्यात जाऊन काय बोलायचं ते ठरवलं.

६ जुलै, रविवार
लॅबमध्ये गेलो. ठरवलेलं सगळं विसरलो. एवढंच म्हणालो, तो नमुना माझा असणार.
लेक स्टुलावर बसली. ओरडेल असं वाटलं होतं. "म्हणजे माझा हात चुकला नव्हता," म्हणाली आणि तोंड फिरवून डोळे पुसले. मग कॉम्प्युटर उघडला. "तुझा गट बदलायला हवा. रोज किती, बाबा? खरं सांग, आकडा पेपरमध्ये जाईल."
दोन, मी म्हणालो.
तिनं लगेच टाइप केलं. पुन्हा विचारलंसुद्धा नाही.
सहा होतात.