चार बोटांचा फरक

२ सप्टेंबर २०२४
नोकरी लागली! सकाळच्या एसटीनं पारनेरहून नगरला आले. सावेडीत मोनिकाच्या खोलीवर राहणार. शाळेपासूनची मैत्रीण, आता फिजिओथेरपी शिकते. कारखान्यात मला पॉवर प्रेस दिलाय. पत्रा साच्यावर ठेवायचा, प्रेस दणकन खाली येतो, वॉशर तयार. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस हलतच नाही, म्हणजे हात आत राहायची भीती नाही. शेजारच्या मशीनवर बानूआपा, चौदा वर्षं हेच काम करतात. जेवताना त्यांनी डब्यातली मेथी वाढली. आईला फोन केला, तिला म्हटलं, तुझी दिशा आता ऑपरेटर.

११ सप्टेंबर
दिवाळीची ऑर्डर आलीय. सुपरवायझर काकासाहेबांनी बटणं काढून पायाचं पेडल जोडलं. काम दुप्पट निघतं. रोज बारा तास.
काल संध्याकाळी चहाचा कप घ्यायला गेले आणि हात कपाच्या अलीकडेच मिटला. मला वाटलं पोचला. मोनिका हसली. तिनं मला डोळे मिटायला लावले, उजवा कोपर वाकवून धरला आणि डावा अगदी तसाच वाकवायला सांगितला. डोळे उघडले तर दोन हातांत चार बोटांचा फरक. स्नायू थकला की सांधा कुठं आहे याची मेंदूला चुकीची खबर देतो, असं ती म्हणाली. झोप झाली की ठीक होतं. आज सकाळी पाहिलं, खरंच जुळले.

१९ सप्टेंबर
हातमोज्याचं टोक कापलं गेलं. बोट वाचलं. मी हात बाहेर घेतला होता, निदान मला तसं वाटलं होतं. बानूआपांनी मोजा उलटसुलट करून पाहिला.
"थकल्यावर हाताचं ऐकू नगं गं. डोळ्यानं बघ, मगच पाय दाब."

२४ सप्टेंबर
बानूआपांनी काकासाहेबांना सगळ्यांसमोर सांगितलं, बटणं परत लावा, न्हाईतर मी पेडल दाबणार न्हाई. काकासाहेब माझ्याकडे वळले. मला काही त्रास होतो का, विचारलं.
मी नाही म्हटलं.
बानूआपांना घरी पाठवलं. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

२८ सप्टेंबर
बानूआपांचं कामही आता माझ्याकडे. हात आता सकाळीही जुळत नाहीत. मोनिका हसत नाही, सुट्टी घे म्हणते. केस विंचरताना कंगवा डोळ्याच्या कडेला लागला. प्रेसवर प्रत्येक वेळी हात बघते, मग पाय दाबते. पण दिवसातून किती वेळा — डोळेही थकतात.

३ ऑक्टोबर
आज पत्र्याशेजारी कुणाचा तरी हात दिसला. कुणाचा, ते लगेच कळेना. बोटं हलवून पाहिली, तेव्हा हलला. भीती वाटायला हवी होती. काहीच वाटलं नाही.
उद्या काकासाहेबांना सांगणार. उद्या नक्की —

९ ऑक्टोबर
दवाखान्यात. डाव्या हातानं लिहितेय. अक्षर लहान मुलासारखं.
चार तारखेला. सांगायच्या आधीच. दुखलं नाही. मी हात बाहेर घेतला होता — शपथेवर सांगते, बाहेर — आणि पाय दाबला.
बानूआपा पेज घेऊन आल्या. चमच्यानं भरवत राहिल्या. मी माफी मागणार होते, पण —

१० ऑक्टोबर
मोनिका म्हणते, एकदा खाली बघ. मनगटापुढे काही नाही, सवय करावी लागेल.
बघितलं. खरंच नाही.
पण आहे. मांडीवर. मूठ मिटलेली.

११ ऑक्टोबर
मूठ उघडली. मी नाही उघडली.
हात चादरीवरून सरकतोय — बघितलं तर काही नाही — पोटावर — आता वहीवर —
गार बोटं. डाव्या मनगटावर. पाचही. आवळ