टाकी ओतू नको

दादा,

मी आईला घेऊन बीडला डोळ्याच्या दवाखान्यात चाललेय. लई दिसांनी तू गाढ झोपलास, म्हणून उठवलं न्हाई.

ती माशांची खाऱ्या पाण्याची टाकी आज ओतून देतो म्हणालास, पण ओतू नको. सकाळी मी जुन्या टूथब्रशनं शेवाळ खरवडलं, तर खाली तुझं एक प्रवाळ जितं निघालं. बारीक बोटं पसरून बसलंय. बाबा चहा तसाच ठेवून बघत राहिले. "ह्याला अजून जीव हाय की गं," म्हणाले.

पुण्याहून आल्यापासून तू अंथरुणातच होतास, म्हणून टाकीतलं पाणी आटलं की बाबाच बोरचं घालायचे. त्या पाण्यात रानातलं खत उतरतंय आणि त्यानंच शेवाळ माजतं, हे त्यांना कुणी सांगितलंच न्हाई.

आता आरओचं पाणी भरून ठेवलंय. मीठ तू कालव, मला त्याचं मोजमाप जमत न्हाई. टाकीवरचा दिवा थोडाच वेळ लाव, आणि माशांना चिमूटभरच खाणं टाक.

बाबा जेवायला घरी येतील. पुण्याचं काही विचारणार न्हाईत, मी बोललेय त्यांच्याशी. पाणी बदलताना बादली त्यांना धरू दे.

वर्षा